अर्ध्या वाक्याचे सर

राजापेठेत आमच्या गल्लीत एकाच हॉलमध्ये दोन शिकवण्या चालतात. मधे प्लायवूडची भिंत. अलीकडे मी, भगवंतराव, गणितवाला. पलीकडे शाहनवाज सर, इंग्रजीवाले. सव्वीस वर्षं झाली या शेजाराला. माणसाचं तोंड न पाहता नुसत्या आवाजावरून त्याची कुंडली मांडायची असेल तर मला विचारा. सर घरून उपाशी आलेत, बायकोशी वाजलंय, गुडघा ठणकतोय, सगळं मला भिंतीतून कळतं. आणि त्यांचं ते इंग्रजी व्याकरण तर माझ्या डोक्यात असं जाऊन बसलंय की प्रमेय समजावताना मधेच तोंडातून निघतं. पोट्टे हसतात. हसू द्या, मी काही मनावर घेत नाही.

सर मूळचे परतवाड्याचे. वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. बी. ए. करायला अमरावतीला आले, शाळेत लागायचं म्हणून सतरा ठिकाणी अर्ज केले आणि कुठंच लागलं नाही. तेव्हा 'तात्पुरती' म्हणून ही शिकवणी काढली. ती तात्पुरती आजतागायत चालू आहे. आता साठीला आलेत, पण शर्टाची इस्त्री कधी मोडलेली दिसणार नाही.

त्यांची शिकवायची एक रीत होती. वाक्याचा पहिला अर्धा सर म्हणणार, उरलेला अर्धा वर्गानं ओरडायचा. सर लांबवून म्हणायचे, "अंकुर वॉन्ट्स टू ग्रोऽऽ" की चाळीस गळे, "टॉलर!" सर म्हणायचे, "नानी इज ट्राइंग टू फीलऽऽ" की, "बेटर!" 'टू' लावून येणारं क्रियापद आणि त्याच्यामागून येणारं तुलनेचं विशेषण हा तर त्यांचा लाडका धडा. जूनमध्ये सुरू करायचे ते पोळ्यापर्यंत चालायचा. "टू लागला का क्रियापदाले शेपूट नाही लागत. शेपूट लागते त्याच्या मागच्या विशेषणाले. टॉल-अर, स्ट्राँग-अर." कोणी 'टू फील मोअर बेटर' म्हणालं की सर विचारायचे, "चहात साखर टाकली ना एक डाव? मंग आता गूळ काहून टाकून राहिला?"

या आरड्याओरड्यावरून मी त्यांच्याशी किती वेळा भांडलो याला गणती नाही. एकदा चिडून मी माझ्या पोरांकडून एकोणतीसचा पाढा मोठ्यानं म्हणवून घेतला. पंधरा दिवस अबोला होता. मग ईदला सरांच्या बायकोनं, परवीनभाभींनी, शीरखुर्म्याचा डबा पाठवला आणि अबोला ठेवणं मला परवडेना. पण निकाल? त्यांच्या वर्गाचं एकही पोर दहावीला इंग्रजीत नापास झाल्याचं मी ऐकलं नाही. पेपर लिहायचाच असतो, बोलायचा थोडीच असतो. ती रीत बरोबरच आहे असं सगळ्यांना वाटायचं. मलाही वाटायचं, खोटं कशाला बोलू.

गेल्या वर्षी श्रावणात एका मंगळवारी दुपारी आकांक्षा आली. सरांची जुनी विद्यार्थिनी. आवाजी वर्गातली सगळ्यांत आवाजी पोट्टी. बी. ए. झाली होती आणि दोन वर्षं झेरॉक्सच्या दुकानात उभी राहत होती. अकोल्याच्या एका खाजगी दवाखान्यात चौकशीच्या खिडकीवर जागा निघाली होती. बाहेरगावचे पेशंट, विमा कंपन्यांचे फोन, म्हणून इंग्रजी बोलणारी मुलगी पाहिजे. ही आदल्याच दिवशी मुलाखत देऊन आली होती.

"काय झालं वं?" सरांनी विचारलं.

"सर, त्या मॅडमनं विचारलं, ही नोकरी काहून पाहिजे. इंग्रजीत विचारलं. मले समजलं सगळं." ती थांबली. "अन् मी वाट पाहत बसली."

"कायची वाट?"

"का त्या सुरुवात करतील. मंग मी पुढचं म्हनीन."

मी फळ्यावर वर्तुळ काढत होतो, ते अर्धंच सोडलं.

तिचे मार्क पाहून त्या लोकांनी तिला पुढच्या सोमवारी परत बोलावलं होतं. तिसऱ्यांदा काही बोलावणार नव्हते. आणि ही नोकरी तिला नुसत्या पगारासाठी नको होती. तिचे वडील अकरा दिवस एका मोठ्या दवाखान्यात होते, तेव्हा हिला आणि आईला कोणी धड काही सांगितलंच नाही. कागद इंग्रजीत, बोलणं इंग्रजीत. वडील गेले हेसुद्धा त्यांना दोन तासांनी कळलं. तेव्हापासून हिच्या डोक्यात एकच, की आपण त्या खिडकीच्या आतल्या बाजूला बसायचं. हे सगळं तिनं सरांना अस्सल वऱ्हाडीत, एका दमात सांगितलं. तेच इंग्रजीत सांगायचं म्हटलं की तोंडाला कुलूप.

"सहा दिवस आहेत," सर म्हणाले. "रोज दुपारी ये."

बुधवारी मी कान देऊन बसलो. सरांनी इंग्रजीत प्रश्न विचारला. शांतता. मग सरांनाच धीर धरवेना. "आय वॉन्ट टूऽऽ" आणि ही पोट्टी लगेच, "वर्क!" पुन्हा प्रश्न, पुन्हा शांतता, पुन्हा सरांचं "आय वॉन्ट टू बीऽऽ". असं चार वेळा झालं. माझं डोकं सटकलं. मी उठून पलीकडे गेलो.

"सर, निम्मं तुमीच देऊन राहिले ना. अकोल्याले कोन देनार हाय तिले?"

"तुमी तुमचं गनित पाहा भगवंतराव."

"पाहतोच हाय. निम्म्यात निम्मं मिळवलं का एक होते, पन दोन तोंडं लागून राहिली त्याले."

सर माझ्याकडे असे पाहत राहिले की मला वाटलं आता डस्टर फेकतात. पण ते खुर्चीत बसले आणि आकांक्षासमोरच म्हणाले, "मी आजपर्यंत इंग्रजीत कोनासोबत बोललोच नाही, भगवंतराव. शिकवलं फक्त. अर्धं म्हनायचं अन् थांबायचं, हेच येते मले. पोट्टीले बी मी तेच शिकवलं."

एवढ्या पोरांचं कल्याण केलेला माणूस आपल्याच विद्यार्थिनीपुढं हे कबूल करतो, हे मला पाहवलं नाही. माझा राग कुठल्या कुठे गेला. मी तिथंच बाकावर टेकलो.

गुरुवारपासून आमची नवी तऱ्हा. मी दवाखान्याचा साहेब. माझं इंग्रजी म्हणजे प्लायवूडमधून गळून आलेलं, पण प्रश्न विचारायला पुरतं. आकांक्षा समोर, आणि सर बाजूच्या खुर्चीवर, न बोलण्याची शपथ घेऊन. काय त्यांचे हाल व्हायचे ते मी पाहिलेत. ती अडखळली की सरांची मान पुढे यायची, ओठ हलायचे, मग बिचारे रुमाल तोंडाला लावायचे. पण शनिवारपर्यंत पोट्टी चार चार वाक्यं स्वतःहून सुरू करायला लागली. एकच खोट होती. सुरू करण्याआधी ती दरवेळी सरांच्या तोंडाकडे पाहायची. ते ओठ जरासे हलले की हिचं वाक्य सुटायचं. ही गोष्ट मी सरांना बोललो नाही. त्यांनाही दिसत होतीच.

सोमवारी सरांनी शिकवणी बंद ठेवली. मीही निघालो. माझं तिथं काय काम होतं? काही नाही. पण घरी बसून जीव थाऱ्यावर राहिला नसता. मूर्तिजापूरमार्गे एसटीनं अकोल्याला गेलो. वाटेत आकांक्षा फाइलमधले कागद पुन्हा पुन्हा लावत होती, सरांनी तीनदा चष्मा पुसला आणि मी एकटाच रस्त्यावरच्या खड्ड्यांना शिव्या देत होतो.

मुलाखत काचेच्या केबिनमध्ये होती. आत तिघं बसलेले, आणि आकांक्षा अशी तिरकी बसलेली, की मान जरा वळवली की बाहेरच्या खुर्च्यांवर बसलेले आम्ही दोघं तिला सरळ दिसायचो. आवाज काही बाहेर येत नव्हता. आधी नाव-गाव झालं असावं, ती हसून बोलली. मग मधल्या बाईंनी पुढे वाकून काहीतरी विचारलं आणि आकांक्षाचा चेहरा उतरला. तोच प्रश्न. ती गप्प. बाईंनी पेन खाली ठेवलं. आकांक्षानं मान वळवली आणि सरांकडे पाहिलं.

सरांचे ओठ उघडले. 'आ' एवढं तोंडातून निघालंसुद्धा, मी शेजारीच होतो. तेवढ्यात त्यांनी हाताने स्वतःचं तोंड दाबलं, उठले, आणि दुखरा गुडघा ओढत थेट जिना उतरून गेले. मागं वळूनही पाहिलं नाही.

मला त्यांचा असा संताप आला म्हणून सांगू. पोट्टी आत बुडते आहे आणि हा माणूस पळतो? ती त्या रिकाम्या खुर्चीकडे पाहतच राहिली. डोळे भरले होते तिचे. मी वेड्यासारखा हातवारे करत होतो, पण माझ्याकडे कोण पाहतं. मग तिनं मान फिरवली, टेबलाकडे पाहिलं आणि बोलायला लागली. काय बोलली ते मला कळलं नाही. पण बराच वेळ बोलली, मधे कोणी बोललं नाही, आणि मधल्या बाईंनी खाली ठेवलेलं पेन परत उचललं.

वीस मिनिटांनी बाहेर आली. "एक तारखेपासून ये म्हनाले," एवढंच मला सांगितलं आणि पुढचा शब्द, "सर कुठं गेले?"

सर फाटकाबाहेरच्या टपरीवर होते. हातातल्या चहावर साय धरली होती. आकांक्षा तडक त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिली. नोकरीचं सांगायचं सोडून भांडायलाच लागली.

"मी पाहिलं तं खुर्ची रिकामी! मले वाटलं, आता आपलं इथं कोनीच नाही."

"मंग काय म्हनली तू?" सरांनी हळूच विचारलं.

तिनं नाक पुसलं आणि तिथंच, टपरीवरच्या चार माणसांसमोर, म्हणून दाखवलं. "माय फादर वॉज इन अ हॉस्पिटल फॉर इलेव्हन डेज. नोबडी टोल्ड अस एनीथिंग. आय वॉन्ट टू मेक इट इझिअर फॉर द पीपल हू आर वेटिंग आउटसाइड." बाहेर वाट पाहत बसलेल्या माणसांचं जरा सोपं करायचंय मला. मला इंग्रजी येत नाही असं म्हणतात, पण हे वाक्य मला शब्दन् शब्द कळलं, आणि मी तोंड फिरवून रस्त्याकडे पाहत राहिलो.

सरांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. कप बाकड्यावर ठेवायला गेले तर निम्मा चहा इस्त्रीच्या शर्टावर सांडला, तेही त्यांच्या ध्यानात आलं नाही.

"एक तारखेपासून घेतलं तिले," मीच सांगून टाकलं.

पण तिचा राग काही उतरला नव्हता. "ते राहू द्या काका. सर, तुमी उठून काहून गेले ते सांगा आधी."

सरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"बसलो असतो तं बोललो असतो, बेटा."