झाडून काढलेलं भुयार

"मॅडम, भुयार कसं लख्ख करून ठेवलंय बघा!" इंजिनियर राव सार हसत म्हणाले. इकडे सरांना सारच म्हणतात.

मी तंजावूरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. अंधारात राहणारे जीव हा माझा विषय. कावेरीच्या या सपाट मुलखात डोंगर नाही, तर गुहा कुठली असणार? पण ओरत्तनाडूच्या वाटेवर एका जुन्या छत्राखाली, म्हणजे धर्मशाळेखाली, लांबच लांब भुयार आहे. जिवांच्या लेखी ती गुहाच. त्यात लाइट शो करायचा घाट राव सारांच्या साहेबांनी घातला होता. त्याआधी आत कोण कोण राहतं याचा सर्वे मी करायचा होता. कुणी नसलं, तर दिवे कायमचे बसणार होते.

दारात कोलमची रांगोळी काढलेली. आत ट्यूबलाइट आणि फिनेलचा भपका. मी क्वाड्रॅट टाकला. ही एक चौकोनी फ्रेम असते, ती जमिनीवर ठेवून आतले जीव मोजायचे. मोजणार काय, कपाळ? मुंगीसुद्धा नव्हती.

"सार, मी जिवांचा सर्वे करायला आलेय हो!"

"म्हणून तर झाडलं. पाहुणे यायचे म्हटल्यावर घर तसंच ठेवायचं?"

यांच्यावर रागवायचं तरी कसं? घरी मराठी बोलणारा माणूस, वर फ्लास्कमधून माझ्यासाठी कॉफी आणलेली.

"झाडलेलं कुठे टाकलंत?"

"ट्रॉलीत. मेव्हण्याच्या नारळांना खत होईल."

वटवाघळांच्या विष्ठेला आम्ही ग्वानो म्हणतो. भुयारातल्या किड्यामुंग्यांचं सगळं जेवण तेच. मी पळतच सुटले. ट्रॉली रस्त्यावर चहाच्या दुकानापाशी उभी होती, ड्रायव्हर चहा पीत होता. पदर खोचून मी वर चढले आणि खत उपसायला लागले.

"अम्मा, गळ्यातली चेन पडली का?" दुकानदाराने विचारलं. दोघं-तिघं मदतीला वर चढलेसुद्धा.

"सापडला!" मी ओरडले. सगळे वाकले. माझ्या हातात व्हिप स्पायडर होता: कोळ्यासारखा, चपटा, काटकुळ्या लांब पायांचा, अजिबात विषारी नसलेला. सगळे टुणकन खाली उतरले. मग लांब मिशांचे रातकिडे, भुंगेरे, एकेक निघत गेले. मला कोण आनंद झाला!

पण खरी काळजी वटवाघळांची होती. राव सारांना घेऊन मी भुयाराच्या टोकाला गेले. ट्यूबलाइट तिथवर पोचत नव्हती. वटवाघळं बिचकू नयेत म्हणून टॉर्चला लाल कागद लावून वर धरला. छताला सगळी दाटीवाटीने लटकलेली, आणि पोटाशी पिल्लं.

"दिवे इथपर्यंत आले, की या आया उठून जातील," मी म्हटलं. "पिल्लांना अजून उडता येत नाही. घाईत जी पडतील, ती गेलीच."

सारांनी मान वर करून पाहिलं.

"अय्यो, लेकुरवाळ्या आहेत की या!" ते हळूच म्हणाले. मग स्वतः जाऊन त्यांनी मेन स्विच बंद केला. "साहेबांना मी बघतो. तुम्ही रिपोर्ट लिहा."

ट्रॉली परत आली. "काल बाहेर काढा, आज आत टाका! डोकी ठिकाणावर आहेत का?" झाडणाऱ्या सेल्वीअक्कांनी आम्हा दोघांना फैलावर घेतलं. आम्ही दोघंही खत आत टाकायला लागलो.

लाइट शो आता छत्राच्या बाहेरच्या भिंतीवर होतो. तिन्हीसांजेला वटवाघळं लोकांच्या डोक्यावरून निघतात. तोही शोचाच भाग समजून लोक टाळ्या वाजवतात.

सर्वेला जाताना आधी कळवू नये, एवढं मी शिकले. राव सारही शिकले. परवा त्यांचा फोन आला.

"मॅडम, पिल्लं उडायला लागली. केव्हाही या. काही झाडलेलं नाही."