पाट कोण बांधणार?

चर्चच्या सणाचं नाटक यंदा टेक्सासवर बसवायचं, असं आमच्या हायस्कूलच्या इतिहासाच्या सरांनी जाहीर केलं, तेव्हा अर्ध्या नंदाखाल गावाने कपाळाला हात लावला. ऐंशी सालच्या आगेमागेची गोष्ट. तोवर सणाला संतांची चरित्रं व्हायची, नाहीतर सासू-सुनांची भांडणं. पण सरांना मुंबईच्या रद्दीवाल्याकडे एक जाडजूड पुस्तक मिळालं होतं आणि ते त्यांच्या डोक्यात शिरलं होतं. सरांच्या डोक्यात काही शिरलं की ते गावाला भोगावं लागे.

गोष्ट मात्र सरळ होती. मेक्सिकोच्या सरहद्दीवर टेक्सास नावाचा मोठा मुलूख, माणसांवाचून ओस पडलेला. वस्ती वाढावी म्हणून सरकारने अमेरिकेतल्या कुटुंबांना जमिनी दिल्या. त्यांना घेऊन येणारा म्होरक्या शांत, शब्दाचा पक्का माणूस होता. अटी दोन: मेक्सिकोचे नागरिक व्हायचं आणि कॅथलिक व्हायचं. या दुसऱ्या अटीला तालमीतसुद्धा टाळ्या पडायच्या. पुढे पाहुणे घरच्यांपेक्षा जास्त झाले. येताना गुलाम घेऊन आले, ते सोडायला तयार होईनात. राजधानीतला सेनापती राज्यघटना गुंडाळून हुकूमशहा झाला आणि बंड पेटलं. त्या बंडात तिथल्याच मातीतला एक पुढारी नव्या लोकांच्या बाजूने लढला, जिंकला, शहराचा प्रमुख झाला. नंतर आलेल्यांनी त्यालाच गद्दार ठरवलं आणि त्याला बायकामुलांसह गाव सोडावं लागलं.

हा पुढारी म्हणजे माझे पप्पा. खरं तर पाहुण्यांचं स्वागत त्या पुढाऱ्याच्या वडिलांनी केलं होतं, पण नट कमी म्हणून सरांनी बापलेकांचा एकच माणूस केला. शेजारचे काका, एरवी बँकेत कारकून, पाहुण्यांचे म्होरके झाले. सोडाबाटलीच्या बुचांची पदकं लावून आमचा पोस्टमन सेनापती झाला. मी तेव्हा डी.एड. करत होते, मला पप्पांच्याच मुलीचं काम मिळालं. त्यासाठी अभिनयाची गरज नव्हती, वाद घालणं पुरेसं होतं.

पहिला वाद पप्पांनी घातला. जमीन देण्याच्या प्रवेशात त्यांनी कागदावर सही करायची होती. पप्पा अडून बसले. "कागदानं काय व्हतं? ज्याला पानी दिलं, त्याला जमीन दिली." आमच्याकडे केळीच्या वाडीला पाणी पाटाने जातं. विहिरीवरून निघालेल्या पाटाचा मातीचा बांध कुदळीने फोडला की पाणी पुढच्या आळ्यांत शिरतं; परत माती लावून ते अडवायचं, म्हणजे पाट बांधायचा. पप्पांना रंगमंचावर तसाच पाट हवा होता. सर चिडले, मग हरले. पत्र्याची पन्हळ आणली, तिच्यात माती घातली, मागे नळ जोडलेला ड्रम ठेवला.

आता खरी गोष्ट सांगते. त्याच दिवसांत आमच्या घरी एक गृहस्थ येत होते. त्यांना रस्त्याकडेची आमची जमिनीची पट्टी विकत हवी होती, विहिरीसकट. माणूस गोड बोलणारा, आईलाही "ताई, ताई" करणारा. पप्पा विरघळले होते. "चार घरं येतील, वस्ती वाढंल, सोबत व्हईल," म्हणायचे. आई एकच विचारायची, "विहीर गेल्यावर केळी काय तुमच्या बोलण्यावर जगतील?" सण रविवारी होता आणि सोमवारी पप्पा त्यांना होकार देणार होते. मला त्या गृहस्थांचा राग यायचा. पण पप्पांसमोर माझं काही चालत नव्हतं, हेही खरं.

रविवारी संध्याकाळी चर्चच्या आवारात पाय ठेवायला जागा नव्हती. पहिल्या अंकात पप्पांनी कुदळीने बांध फोडला, पन्हळीतून खरंखुरं पाणी धावलं आणि लोकांनी आवार डोक्यावर घेतलं. लढाईत पोस्टमनची पदकं गळून पडली. मग शेवटचा प्रवेश आला. पप्पांनी घराकडे एकदा वळून पाहायचं आणि माझा हात धरून निघून जायचं होतं.

मी गाठोडं उचललं. पप्पा दोन पावलं चालले आणि थांबले. पन्हळीतून पाणी वाहतच होतं. पाट उघडा टाकून वाडीतून निघणं आमच्याकडे कुणाला जमतच नाही. हात आपोआप मातीकडे जातो. पप्पा मागे फिरले, पाट बांधायला वाकले. पण पन्हळ आता पाहुण्यांच्या हद्दीत होती. काकांना काय सुचलं कोण जाणे, त्यांनी लाकडी बंदूक आडवी धरली आणि म्हणाले, "हात लावायचा नाही. हे पाणी आता आमचं."

संहितेत हे नव्हतं. पप्पा तसेच वाकलेले राहिले. मी हळूच म्हटलं, "पप्पा, चला." ते चक्क खाली बसले. लहान मुलासारखं माझ्याकडे बघून म्हणाले, "पाट कोन बांदनार?"

सरांनी पडदा पाडला. लोकांना वाटलं, नाटक असंच आहे. बायका डोळे पुसत होत्या.

सोमवारी ते गृहस्थ आले. पप्पांनी त्यांना खुर्ची दिली, विहिरीचं थंड पाणी दिलं, चहा दिला. मग म्हणाले, "जागा नाय देनार. रागावू नका."

गृहस्थ हसले. "माझं काही चुकलं का? माझ्याबद्दल कुणी काही बोललं का?"

"नाय वो," पप्पा म्हणाले. "तुमी चांगलेच हाव. पन तो बी चांगलाच व्हता."

तो म्हणजे टेक्सासचा म्होरक्या, हे त्या बिचाऱ्यांना कधीच कळलं नाही. आई मात्र हसू दाबत, पदर तोंडाला लावून आत पळाली.

सर आता नाहीत, पप्पाही नाहीत. रद्दीतून ते पुस्तक उचलणाऱ्या सरांची मी ऋणी आहे, आणि ऐनवेळी बंदूक आडवी धरणाऱ्या काकांचीही. पप्पांचे उपकार तर कोणत्या तोंडाने सांगू? आज संध्याकाळी केळींना पाणी सोडलंय. लिहिणं इथेच थांबवते, पाट बांधायचा आहे.