चिठ्ठीवरचं दुसरं नाव
हीटरवर मुलीचे ओले फुटबॉलचे बूट वाळायला ठेवले की त्या वासाने जर्मनीत हॅनोव्हरमधली विद्यापीठाची फुटबॉल स्पर्धा आठवते. बर्फामुळे गटातले शेवटचे सामने रद्द झाले, तेव्हा आम्ही कप्तानांनीच एका खोलीत बसून चिठ्ठीवर संघांचे क्रमांक लावायचे ठरले. आपलंच नाव पहिलं कसं लिहायचं, म्हणून मी आमचं दुसरं लिहिलं. चिठ्ठ्या उघडल्यावर कळलं, बाकी प्रत्येकाने स्वतःलाच पहिलं लिहिलं होतं. क्रमांकांवरून गुण मोजले, तर मी पहिला लावलेला संघ एका गुणाने आमच्या पुढे जाऊन अंतिम फेरीत पोचला. ट्राममध्ये आमचा गोलकीपर ओले हातमोजे मांडीवर घेऊन जर्मनांसारखी सुरुवात करत म्हणाला, "आल्झो, असल्या मतांनी कधी न्याय होतो का रे?" माझ्या चिठ्ठीवर काय होतं ते त्याला माहीत नव्हतं. अजूनही दिवाळीला त्याचा फोन येतो, आणि तो त्या बाकीच्या कप्तानांना शिव्या घालतो. मी नुसतं हं म्हणतो.