खांब फिरतो कसा?

एरियलकाका सकाळी गच्चीवर गेले आणि त्यांनी कपाळाला हात लावला. खांब पुन्हा फिरला होता.

एरियलकाका हे नाव गल्लीने ठेवलेलं, कारण त्यांच्या घरावर वायरलेसची भलीमोठी अँटेना होती. जन्मभर कारखान्यात लेथ चालवलेला माणूस. निवृत्त झाल्यावर परवाना काढून हौसेने वायरलेसवर बोलू लागला आणि खांबही त्याने स्वतःच्या हातांनी उभारला. एक जाड पाइप कठड्याला क्लॅम्पने बांधलेला. त्याच्या पोटात दुसरा, जरा बारीक पाइप, तळाच्या आडव्या बोल्टवर टेकलेला आणि डोक्यावर अँटेना. जाड पाइपाच्या तोंडाशी, छातीइतक्या उंचीवर, नट वेल्ड केलेले. त्यांतून बोल्ट आवळले की आतला पाइप गच्च धरला जायचा, ढिले केले की हाताने हवा तिकडे वळायचा. जगात कुठेही कान लावता यावा म्हणून हा सगळा खटाटोप.

प्रत्यक्षात खांब वर्षानुवर्षं एकाच दिशेला रोखलेला होता. तिकडे दूरच्या गावात एक निवृत्त मास्तर राहायचे, त्यांच्याकडेही असाच वायरलेस सेट होता. रोज सकाळी चहाच्या वेळेला दोघांच्या गप्पा चालायच्या. गुडघे, शब्दकोडी, मुलं ऐकत नाहीत ही तक्रार आणि पुन्हा गुडघे. दोघं कधी भेटले नव्हते. एकमेकांना फोनही करायचे नाहीत. फोनवर काय कोणीही बोलतं, असा दोघांचा तोरा. अडीअडचणीसाठी नंबर तेवढे देऊन ठेवलेले.

आणि आता काही आठवडे मास्तरांचा आवाज येत नव्हता. नुसती खरखर. काकांनी वर जाऊन पाहिलं, तर दोन्ही पाइपांवर ओढलेली पांढरी रेघ जुळत नव्हती. अँटेना भलतीकडेच बघत होती.

"वाऱ्याने फिरला," काका म्हणाले. रेघ जुळवून त्यांनी बोल्ट आवळले. तोवर चहाची वेळ टळलेली. दुसऱ्या दिवशी तेच. मग बोल्ट ढिले होऊ नयेत म्हणून प्रत्येकावर आणखी एक नट, चेक-नट, चढवला. फिरलाच. मग दोन पाइपांच्या मधल्या फटीत सायकलची जुनी ट्यूब कापून ठासली. तरी फिरला, तोही झाडाचं पान हलत नव्हतं अशा दिवशी! लोखंडाला वळण लावण्यात ज्याचं आयुष्य गेलं, त्याला एक पाइप जुमानेना.

त्यांनी वेल्डरला बोलावलं. तो म्हणाला, "काका, वेल्डिंगचे दोन टाके मारतो. जन्मात हलणार नाही."

"मग तो फिरता खांब कसला?" काका भडकले.

"पण तुम्ही फिरवता कधी?"

काकांनी वेल्डरला वाटेला लावलं आणि त्याचा राग दिवसभर काकूंवर काढला.

हळूहळू त्यांना दुसरीच भीती वाटू लागली. बोल्ट आपण आवळतो की आवळले असं नुसतं वाटतं? ते काकूंना वर नेऊन दाखवू लागले. "बघ, आवळला. बघितलास ना?"

"बघितला हो," काकू म्हणायच्या आणि दुसरीकडे बघायच्या.

"मग सकाळी ढिला कसा? माझं डोकं तर ठिकाणावर आहे ना?"

काकू दोरीवरचे कपडे काढायला वळल्या. एरवी या प्रश्नाला त्यांच्याकडे तयार उत्तर असायचं. आज ते का आलं नाही, हेही काकांना कळेना.

त्या दिवशी त्यांनी चष्मा पुसून चेक-नट जवळून पाहिले. नटांचे कोपरे खाल्लेले होते. पान्याने असं होत नाही. हे पक्कडीचे दात होते. आणि घरात पान्याचं काम पक्कडीने करणारी व्यक्ती एकच होती. बरणीच्या झाकणापासून गळक्या नळापर्यंत ती सगळीकडे पक्कडच लावायची, आणि त्यावरून संसारभर भांडणं झाली होती.

आपलं डोकं शाबूत आहे, या आनंदात काका जिना उतरले आणि शेवटच्या पायरीवर थबकले. पण ती असं का करेल?

"अगं, खांब तू फिरवतेस?"

काकू कपड्यांच्या घड्या करत होत्या. हातातल्या टॉवेलची त्यांनी तीनदा घडी केली, तीनदा मोडली.

"मास्तर गेले हो," त्या म्हणाल्या. "त्यांच्या सुनेचा फोन आला होता. तुम्ही सेटवर खरखर ऐकत होतात. सांगायला तोंड उघडेना. तुम्ही उठून आलात आणि म्हणालात, मास्तर ऐकू येत नाहीत, खांब फिरला असेल. म्हटलं, फिरलाय तर फिरलेला राहू दे, म्हणून रोज पहाटे मीच फिरवत गेले."

काका खुर्चीत बसले. रागवावं की रडावं, काही समजेना. तोंडातून आलं ते भलतंच.

"या गुडघ्यांनी रोज गच्ची चढत होतीस?"

"तुमचं डोकं बिघडलंय असं तुम्हालाच वाटायला लागलं, तेव्हा माझा जीव थाऱ्यावर राहिला नाही. उद्या सांगणारच होते."

"मला रोज वेड्यासारखं राबवलंस!"

"राबवलं," काकू म्हणाल्या. "पण नंबर तुमच्याकडेही होता ना? एक फोन तुम्हीही करू शकला असतात."

हे मात्र खरं होतं. इतके नट, इतक्या ट्यूबा, पण त्या नंबराकडे त्यांचा हात एकदाही गेला नव्हता. का गेला नव्हता, हे त्यांना तेव्हाही ठाऊक होतं आणि आताही.

"लाव फोन," ते म्हणाले.

मास्तरांच्या सुनेने फोन उचलला. काकांनी ओळख सांगितली. मग म्हणाले, "मी आधीच फोन करायला हवा होता. भीती वाटली. मास्तरांशिवाय माझी सकाळ सरत नाही. ओव्हर."

वायरलेसवर एका वेळी एकालाच बोलता येतं. आपलं झालं की 'ओव्हर' म्हणायचं आणि गप्प बसायचं. सवयीने काका गप्प बसले.

"बाबाही फोनवर असंच करायचे," सून म्हणाली. "आम्ही हसायचो त्यांना. काका, तुम्ही दोघं रोज काय बोलायचात, ते सांगाल मला? आम्ही कधी विचारलंच नाही." मग जरा अडखळून ती म्हणाली, "ओव्हर."

काकांनी बोलायला तोंड उघडलं, पण हुंदकाच फुटला. काकूंनी फोन धरून ठेवला.