स्टेबल आणि नॉर्मल

हे सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. आईचा विषय निघाला की काहीतरी काम काढून उठून जायचो.

लकडगंजच्या एका ठोक व्यापाऱ्याकडे इंग्रजी पत्रव्यवहार सांभाळण्यात माझी हयात गेली. म्हणून घरात कुणी आजारी पडलं की डॉक्टरांशी मी बोलायचं आणि बाहेर येऊन मी सांगेन ते सगळ्यांनी मानायचं, अशी रीतच पडली होती.

आई नंदनवनच्या दवाखान्यात व्हेंटिलेटरवर होती. मौद्याला धाकट्या बहिणीकडे त्या दिवशी तिच्या लेकीची हळद. डॉक्टर म्हणाले, पेशंट स्टेबल आहे, पण जवळच्यांना बोलावून घ्या. स्टेबल म्हणजे प्रकृती आहे तिथंच थांबलेली. नॉर्मल म्हणजे बरी. हा फरक मला पुरता ठाऊक होता.

तेवढ्यात बहिणीचा फोन आला. मागे बायांची गाणी चालली होती.

"भाऊ, माय कशी आहे गा? मी निघू का? हळद काय, जाऊबाई लावतील."

"नॉर्मल आहे वं. तू पोरीजवळ थांब."

"डॉक्टर म्हणाले?"

"हो."

लग्नात विघ्न नको म्हणून तसं बोललो, अशी मी पुढं स्वतःची समजूत घातली. पण मायले मोठ्या दवाखान्यात ने, असा तिचा कधीपासूनचा घोषा होता आणि मीच 'मले कळते' म्हणून तिला गप्प केलं होतं. ती आली असती तर आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं असतं. तेच मला नको होतं.

संध्याकाळी आई गेली. बहीण आली तेव्हा तिच्या हातांची हळद धुतलेलीही नव्हती. त्याच हातांनी ती आईचे गार पाय चोळत बसली.

"नॉर्मल सांगून फसवलं त्या डॉक्टरनं," ती म्हणाली.

मी शेजारी उभा होतो. पुढं येणाऱ्या-जाणाऱ्याला ती हेच सांगायची, आणि माझ्याकडे बघून म्हणायची, भाऊ तरी काय करणार बिचारा.

गेल्या वर्षी ती अंथरुणाला खिळली, तेव्हा सगळं सांगायचंच म्हणून मौद्याला गेलो. तिनं पडल्या पडल्या सुनेला माझं ताट वाढायला लावलं. मी जेवलो, तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि परत आलो. पुढच्या आठवड्यात ती गेली.

बाई, डॉक्टर खोटं बोलले नव्हते. मायची आणि तुझी शेवटची भेट मी हिरावली. मला माफ कर.