भीमराजचा ठिपका

सुगंधा परब मरोळच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्यात ड्रायव्हर सांभाळायची. गाडीचा नव्हे, कॉम्प्युटरच्या पडद्यावर चित्रं उमटवणाऱ्या प्रोग्रामला ड्रायव्हर म्हणायचे. साल सत्त्याऐंशी. गिरणीकामगाराची पोर असलं काम करते याचं चाळीला कोण अप्रूप! बाई कामाला वाघ, पण हट्टी.

ड्रायव्हर लिहिणारा भीमराज शिमग्याआधी काविळीने गेला. महिन्याभरात सुगंधाला पडद्याच्या उजव्या कडेला एक राखाडी ठिपका दिसू लागला. थेट बघायला गेलं की सरकायचा. शनिवारी गिऱ्हाईक मशीन बघायला येणार होतं, त्याआधी तो घालवायलाच हवा होता. शेजारच्या टेबलावरच्या पद्मजाला तो दिसेना, तर सुगंधाने तिलाच उडवून लावलं.

भीमराज प्रोग्राममधला वापरात नसलेला कोडही काढायचा नाही. "असू दे गं, कधीतरी लागेल." ठिपका त्याच अडगळीतून येतोय, ही सुगंधाची पक्की समजूत. तिने लांबलचक छापील कागद पसरले आणि ज्या तुकड्याला बाकीच्या प्रोग्राममधून कुणी हाकच मारत नाही, त्यावर लाल पेन्सिल ओढत सुटली. गावाला झाड तोडण्याआधी राखणदार देवाला गाऱ्हाणं घालतात, तशी प्रत्येक वेळी पुटपुटायची, "बा भीमराजा, काढतंय हां, रागाव नको."

तेरा तुकडे गेले. ठिपका उलट वाढल्यासारखा वाटला. आता मात्र तिला भीती वाटू लागली. हा माणूस जायला तयार नाही.

शुक्रवारी दुपारी चौदावा, शेवटचा तुकडा उरला. त्याच्यावर भीमराजने टीप लिहिली होती, 'सुगंधाला विचारल्याशिवाय काढू नये.' तिला रडू फुटलं. तरी तिने तो काढला, उरलेला प्रोग्राम चिपमध्ये नव्याने भरला, मशीन चालू केलं.

"पद्मजा, अगं बघ ना, अजून आहे!"

पद्मजाने मशीनच बंद केलं. पडदा काळा झाला. "आता?"

"आहे."

"भिंतीकडे बघ."

चुन्याच्या भिंतीवरही ठिपका होता. सुगंधाने सावकाश उजवा डोळा तळव्याने झाकला, आणि तो गेला.

"मेलेल्या माणसावर आळ घेतला गं मी," ती म्हणाली. डोळ्यावरचा हात काढायची तिची हिंमत होईना.