अप्पांचं म्हणणं

कमठाण्याहून मी शिकायला हैदराबादला निघाले त्या सकाळी अप्पा, म्हणजे माझे वडील, बैलगाडीनं बीदर स्टेशनापर्यंत आले. निजाम नुकताच गेला होता आणि त्याच्या मागोमाग अप्पांची पाटीलकी. रझाकारांना ज्वारी पुरवली, असा ठपका. हलगी वाजवून गावभर हुकूम सांगितला. कचेरीत अप्पांना कुणी एक शब्द विचारला नाही. मी मात्र ट्रंकेवर राणीसारखी बसलेली. "रडू नका, अप्पा. वकील होऊन येते, तहसीलदाराला घाम फोडते!" इंग्रजीत स्वतःचं नाव धड लिहिता येत नव्हतं, आणि ऐट पाहा बयेची.

"व्हय अक्का," अप्पा म्हणाले, "पर येळेवर जेवत जा."

उर्दूत शिकलेली मी, हैदराबादेत इंग्रजी कायद्याशी झटापट करत पास होत गेले. सुट्टीत आले की चुलीपुढच्या आईला सार्वभौमत्व समजावायची. ती म्हणायची, "भाकर करपायलीय. ती उलट आधी."

पदवी घेऊन परतले, तर हैदराबाद राज्यच मोडलेलं. बीदर म्हैसूर राज्यात गेलं. कचेरीतले नवे साहेब म्हणाले, जुन्या सरकारचं आम्हाला विचारू नका.

"आता कुणाकडं जायचं, अप्पा?"

"तू शिकलीस की. तूच ऐक."

त्यांनी पटका बांधला. एरवी वहाणांसकट ओसरीवर येणारा माणूस. त्या दिवशी कचेरीत शिरताना काढतात तशा त्या खाली काढल्या आणि माझ्यापुढे हात जोडून उभा राहिला. बसा म्हटलं तर बसेनात. मी फिदीफिदी हसले.

"हसायलीस कामून? बंदुका दारात व्हत्या. ज्वारी दिली. गाव जळलं न्हाई. एवढंच म्हणणं हाय."

हसू तोंडातच राहिलं. निकाल द्यायला मी कोण? ते तसेच उभे.

पुढे हैदराबादेतच प्रशासकीय कायदा शिकवण्यात जन्म गेला. बाजू ऐकल्याशिवाय हुकूम नको, हे घोकून घोकून पोरांचे कान किटवले. राजकीय विचारांच्या वर्गात 'संमती' आली की मात्र मी अडखळायची. दारातल्या बंदुकीपुढे दिलेल्या ज्वारीला काय म्हणायचं? पोरं पुस्तकातली उत्तरं देत. माझं लक्ष वर्गाच्या दाराशी. तिथे वहाणा दिसायच्या. अजून दिसतात.

गावात राहिलेले तुम्ही, आणि माझ्यासारखे पांगलेलेही, विचारता: आजी, घर कुठलं, कमठाणा की हैदराबाद? ती ओसरी, बाबांनो. तिथे एक माणूस अजून उभा आहे. मी बसा म्हणते. तो बसत नाही.